ईमेलचे दप्तर : काय ठेवावे, कसे ठेवावे, काय टाकावे

मराठीत 'दप्तर' हा शब्द मोठा अर्थवाही आहे. शाळकरी मुलाच्या पाठीवरची पिशवी हे दप्तर आणि पेशवाईचा सारा लेखी कारभार हेही दप्तरच. आपण ज्या सुरतेत राहतो तेथील गुजराती भाषेतही हा शब्द याच अर्थाने रुळलेला आहे. दप्तर म्हटले की त्यात कागद लावून ठेवण्याची, हवा तेव्हा हवा तो कागद काढून देण्याची शिस्त गृहीत असते. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या ईमेलच्या खात्यात हजारो पत्रे पडून आहेत. त्यांत रुग्णांचे अहवाल आहेत, सहव्यवसायिकांचे सल्ले आहेत, बँकांची विवरणे आहेत, परदेशी गेलेल्या मुलांची पत्रे आहेत आणि या सर्वांवर जाहिरातींचा थर चढलेला आहे. या संचयाला दप्तर म्हणता येईल काय, आणि येत नसेल तर त्याचे दप्तर कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. लेखक संगणकशास्त्राचा अभ्यासक नाही; बालरोगतज्ज्ञ आहे. त्यामुळे जे सांगितले आहे ते रोजच्या व्यवसायात उपयोगी पडेल तेवढेच.

पूर्वजांची शिस्त

पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी लिपीतील कोट्यवधी कागद आहेत. चौकोनी कापडात बांधलेल्या त्यांच्या गठ्ठ्यांना 'रुमाल' म्हणतात. रोजच्या नोंदींच्या 'रोजकीर्दी' वेगळ्या, हिशेब वेगळे, पत्रव्यवहार वेगळा अशी त्यांची वाटणी असे. नाना फडणिसांच्या काळात ही व्यवस्था काटेकोर होती. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तिची आबाळ झाली. पुढे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सर जदुनाथ सरकार यांच्या मार्गदर्शनाखाली या दप्तरातील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध केले. कोट्यवधी कागदांतून ४५ खंड! निवड करणारी जाणती दृष्टी नसती तर तो कागदांचा डोंगर सामान्य अभ्यासकाला बंदच राहिला असता.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांची वाट याहून बिकट होती. घरोघरच्या माळ्यांवर आणि पेट्यांत पडलेली बाडे शोधत ते गावोगाव फिरले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि पुढे २२ खंड प्रसिद्ध झाले. ज्या घरांत कागद जपले गेले तेथील इतिहास उजेडात आला. ज्या घरांत ते वाळवीने खाल्ले किंवा रद्दीत गेले तेथील कायमचा गेला.

आपल्या सुरतेचा दाखलाही बोलका आहे. सतराव्या शतकात येथे इंग्रजांची वखार होती. जहाज बुडण्याचे भय असल्याने कंपनीचे अधिकारी महत्त्वाच्या पत्राच्या नकला करून त्या निरनिराळ्या जहाजांनी रवाना करीत आणि एक प्रत वखारीच्या वहीत उतरवून ठेवीत. सुरतेच्या वखारीची दप्तरे आज मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहावयास मिळतात.

या तीन उदाहरणांतून तीन गोष्टी हाती लागतात. कागदांची वर्गवारी हवी, निवड हवी आणि नक्कल दुसऱ्या ठिकाणी हवी. चौथी गोष्ट मोडी लिपीच सांगते. कागद शाबूत आहेत, पण ते वाचणारे थोडे उरले आहेत. जतन केलेली वस्तू पुढच्या पिढीला वाचता आली पाहिजे. ईमेलच्या बाबतीतही हे चारही नियम जसेच्या तसे लागू पडतात.

पेटी तुंबते कशी

रे टॉमलिन्सन यांनी १९७१ मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पहिला ईमेल धाडला. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगममार्फत सुरू झाले. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांची हॉटमेल ही मोफत सेवा ४ जुलै १९९६ रोजी आली. त्या काळात आणि पुढेही काही वर्षे मोफत खात्यांत जागा अगदी तुटपुंजी, दोन-चार मेगाबाइटच्या घरातली असे. चार क्ष-किरण चित्रे आली की पेटी भरली. त्यामुळे वाचलेले पत्र पुसून टाकण्याची सवय आपोआप लागे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल एक गिगाबाइट जागा घेऊन आले आणि सवय उलटी झाली. पत्र पुसू नका, हवे तेव्हा शोधून काढा, असा नवा मंत्र मिळाला.

मंत्र सोयीचा होता. परंतु जागा अमर्याद नव्हती. आज जीमेलच्या मोफत खात्यातील १५ गिगाबाइट जागा ईमेल, ड्राइव्हवरील फाइली आणि छायाचित्रे या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पासून मोबाइलवरून आपोआप चढणारी छायाचित्रेही त्यात मोजली जातात. म्हणून नातवंडांची चलच्चित्रे साठत गेली की त्याचा परिणाम रुग्णालयाच्या ईमेलवर होतो. जागा संपली की नवी पत्रे स्वीकारली जात नाहीत आणि पाठविणाऱ्याकडे परत जातात. शिवाय ईमेलला जोडलेली फाइल प्रवासासाठी वेगळ्या सांकेतिक रूपात बदलली जाते आणि सुमारे एक तृतीयांशाने फुगते. खाती भरतात ती मुख्यतः या जोडफाइलींमुळे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. जीमेलमध्ये 'अर्काइव्ह' हे बटण दाबले की पत्र समोरच्या यादीतून नाहीसे होते. ते 'ऑल मेल' या ठिकाणी सुरक्षित असते आणि शोधता येते. मात्र त्याने एक बाइटही जागा मोकळी होत नाही. जागा मोकळी होते ती पत्र पुसल्यावर. तेही कचऱ्याच्या पेटीतून गेल्यावर. ही पेटी तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते, किंवा आपण स्वतः करावी लागते. समोरची यादी स्वच्छ करणे आणि जागा मोकळी करणे ही दोन निराळी कामे आहेत.

डॉक्टरांच्या दृष्टीने काय पणाला लागले आहे

नवजात बालकाची जन्मजात थायरॉइड-न्यूनतेसाठी तपासणी केली जाते. दोष आढळल्यास पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू करणे मेंदूच्या वाढीसाठी महत्त्वाचे असते. आमच्या परिचयातील एका डॉक्टरांकडे निघालेला असा अहवाल त्यांचे खाते भरलेले असल्यामुळे प्रयोगशाळेकडे परत गेला. तेथील तंत्रज्ञाने तत्परतेने दूरध्वनी केला म्हणून बाळाचे औषध वेळेवर सुरू झाले. तातडीच्या अहवालासाठी केवळ ईमेलवर विसंबू नये, प्रयोगशाळेने दूरध्वनीही करावा, असा लेखी संकेत प्रत्येक रुग्णालयाने ठरवून घ्यावा.

दुसरे उदाहरण जतनाचे आहे. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला आलेल्या महापुरात सुरतेचा मोठा भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरच्या कितीतरी दवाखान्यांतील केसपेपरांचा लगदा झाला. आमच्याकडील जुन्या फाइलीही त्यात गेल्या. २०२३ मध्ये उधना भागात राहणारा, नंदुरबारकडून आलेल्या कुटुंबातील एक अठरा वर्षांचा मुलगा परदेशी शिक्षणासाठी निघाला. तान्हेपणी त्याच्या हृदयाच्या पडद्याला छिद्र होते आणि पुढे ते आपोआप मिटले. विमा कंपनीने जुना अहवाल मागितला. कागद पुरात गेले होते. परंतु २००५ मध्ये मुंबईच्या हृदयरोगतज्ज्ञांनी तो अहवाल ईमेलने पाठविला होता. पत्राच्या शीर्षकात बाळाचे नाव आणि जन्मतारीख लिहिलेली असल्याने तो दोन मिनिटांत सापडला. शीर्षकात नुसते 'रिपोर्ट' एवढेच असते तर त्या वर्षीच्या शेकडो पत्रांत तो शोधणे अशक्यप्राय झाले असते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्यावी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारविषयक विनियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवावयाचे आहेत आणि रुग्णाने अथवा अधिकृत व्यक्तीने मागणी केल्यास ते ७२ तासांत द्यावयाचे आहेत. २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी ईमेलने दिलेल्या सल्ल्यालाही मान्यता दिली आणि त्याची नोंद जपण्याची जबाबदारी डॉक्टरांवर ठेवली. बालरोगतज्ज्ञांनी तर अधिक सावध राहावे. १९६३ च्या मुदत कायद्यात अज्ञान व्यक्तीसाठी मुदत सज्ञान झाल्यापासून मोजण्याची तरतूद आहे. म्हणून नवजात शिशूंचे कागद मूल एकवीस वर्षांचे होईपर्यंत ठेवावेत, असे अनेक जाणकार सुचवितात. तितकी वर्षे एखादे मोफत खाते सुरळीत चालू राहीलच, याची हमी कोणी देत नाही. गूगलने तर २०२३ मध्ये जाहीर केले की दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसली जाऊ शकतील.

दुसऱ्या बाजूने, रुग्णाची खाजगी माहिती कारणाशिवाय साठवून ठेवणे हेही योग्य नव्हे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. प्रयोजन संपले आणि कोणताही कायदा जतन करण्यास सांगत नसेल तर माहिती पुसावी, असा त्याचा रोख आहे. म्हणजे ठेवणे आणि टाकणे, दोन्ही कर्तव्येच आहेत.

कृती : पाच पायऱ्या

पुढील पद्धत आम्ही आमच्या रुग्णालयात वापरतो. सुट्टीच्या दोन दुपारी पुरतात.

१. आवक रोखावी. पेटी उपसण्यापूर्वी नळ बंद करावा. जाहिराती आणि नको असलेल्या नियतकालिकांच्या पत्राच्या तळाशी 'अनसबस्क्राइब' असते; ओळखीच्या संस्थेचे पत्र असेल तर ते वापरावे. अनोळखी आणि संशयास्पद पत्रातील कोणत्याही दुव्यास हात लावू नये. ते 'स्पॅम'मध्ये टाकावे. रुग्णालयाचा पत्ता आणि घरचा पत्ता वेगळे ठेवावेत. खरेदी, तिकिटे, क्लब यांच्यासाठी रुग्णालयाचा पत्ता कधीही देऊ नये.

२. मोठा कचरा आधी काढावा. एकेक पत्र वाचत बसल्यास काम कधीच संपत नाही. शोधपट्टीशेजारच्या खुणेवर टिचकी दिली की आकारमान आणि कालावधी सांगून शोध घेता येतो. दहा मेगाबाइटहून मोठी आणि दोन वर्षांपूर्वीची पत्रे प्रथम पाहावीत. उपयुक्त जोडफाइल संगणकावर उतरवून मग पत्र पुसावे. त्यानंतर पाठविणाऱ्याच्या नावाने शोधावे. एका दुकानाची पाचशे पत्रे एकाच निर्णयात जातात.

३. वर्षाचे रुमाल बांधावेत. 'वर्ष २०२३', 'वर्ष २०२४' असे कप्पे करावेत आणि उरलेली जुनी पत्रे तारखेनुसार त्या त्या कप्प्यात हलवावीत. विषयवार चाळीस कप्पे करण्याच्या मोहात पडू नये. एकच पत्र दोन विषयांत बसते आणि निर्णयाला वेळ लागतो. वर्ष मात्र निर्विवाद असते. बारीक शोधाचे काम संगणकावर सोपवावे.

४. रुग्णांचे कागद खात्याबाहेर काढावेत. ही पायरी सर्वांत महत्त्वाची. अहवाल आणि सल्ला पीडीएफ स्वरूपात रुग्णाच्या संगणकीय फाइलीत ठेवावा. दीर्घकालीन जतनासाठी पीडीएफचाच एक प्रकार २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला आहे. शक्य तेथे तो वापरावा. फाइलीच्या नावात रुग्णाचा नोंदणी क्रमांक आणि तारीख घालावी. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिल्यास संगणक फाइली आपोआप कालक्रमाने लावतो. वाद निर्माण होऊ शकेल अशा प्रकरणातील मूळ ईमेलही पुसू नये. कारण पाठविल्याची वेळ आणि पाठविणाऱ्याचा पत्ता यांच्या पूर्ण खुणा मूळ पत्रातच असतात.

५. नकला कराव्यात. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा सर्वमान्य नियम आहे. एक प्रत खात्यात, दुसरी रुग्णालयातील हार्डडिस्कवर, तिसरी दुसऱ्या गावी किंवा विश्वासू साठवण-सेवेत. ज्या शहराने २००६ चा पूर पाहिला त्याने हार्डडिस्क तळमजल्यावर ठेवू नये, हे वेगळे सांगावयास नको. डिस्कला संकेतशब्दाचे कुलूप हवे. जीमेलचे संपूर्ण खाते 'टेकआउट' या सोयीने उतरवून घेता येते. आउटलुक वापरणाऱ्यांनाही पत्रे वेगळ्या फाइलीत काढता येतात. वर्षातून एकदा ती फाइल उघडून पाहावी. न उघडणारी नक्कल असून नसल्यासारखी.

मोबाइल आणि संगणक यांच्या जोडणीबद्दल एक सावधगिरी. हल्लीच्या प्रचलित 'आयमॅप' पद्धतीत मोबाइलवर पुसलेले पत्र सर्वत्र पुसले जाते. उलट जुन्या 'पॉप' पद्धतीत पत्रे एका संगणकावर उतरतात आणि काही वेळा मूळ ठिकाणाहून नाहीशी होतात. तो संगणक बिघडला की सर्व संपते. आपल्याकडे कोणती पद्धत आहे हे जाणकाराकडून एकदा तपासून घ्यावे.

रोजचा क्रम

एवढे केल्यावर रोजचे काम सोपे होते. बाह्यरुग्ण विभागात प्रतीक्षाकक्ष असतो. तेथे रुग्ण येतो, त्याची निकड पाहिली जाते आणि त्याला योग्य ठिकाणी पाठविले जाते. इनबॉक्सचे कामही तेवढेच. दिवसातून दोन ठरलेल्या वेळी तो उघडावा. दोन मिनिटांत उत्तर देता येत असेल तर लगेच द्यावे. विचार करावा लागणार असेल तर 'प्रलंबित' या एकाच कप्प्यात टाकावे आणि तो कप्पा दर शनिवारी रिकामा करावा. वाचून झालेले आणि लागणारे पत्र वर्षाच्या कप्प्यात, उरलेले कचऱ्यात. स्वतः पत्र लिहिताना शीर्षकात विषय, नोंदणी क्रमांक आणि तारीख लिहावी. वीस वर्षांनी शोधणाऱ्यावर ते मोठे उपकार ठरतात. रुग्णाचे पूर्ण नाव मात्र शीर्षकात न घालता आत लिहावे, असे आजच्या गोपनीयतेच्या जाणिवेने सुचवावेसे वाटते.

आपल्यामागे

अखेरचा मुद्दा थोडा अप्रिय, पण टाळता न येणारा. डॉक्टर अकस्मात गेल्यावर त्यांच्या खात्यातील विम्याचे कागद, कर्जाची विवरणे, रुग्णांचे अहवाल कुटुंबीयांना हाती लागत नाहीत, कारण संकेतशब्द कोणालाच ठाऊक नसतो. गूगलने २०१३ मध्ये 'इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' ही सोय दिली. ठराविक काळ खाते वापरले गेले नाही तर आपण नेमलेल्या व्यक्तीस माहिती मिळावी, अशी व्यवस्था तीत करता येते. ॲपलनेही २०२१ मध्ये वारसाची नेमणूक करण्याची सोय आणली. दहा मिनिटांचे हे काम प्रत्येकाने करावे. घरच्या खात्यासाठी वारस घरचा असावा, रुग्णालयाच्या खात्यासाठी सहव्यवसायिक; रुग्णाची गुपिते कुटुंबापुढे उघडी पडू नयेत.

हीच गोष्ट आपल्यासारख्या मंडळांची. चिटणीस बदलतात; पण संस्थेचा पत्रव्यवहार जुन्या चिटणिसांच्या वैयक्तिक खात्यात राहून जातो. सभासदांची यादी, सभागृहाचे करार, देणगीदारांची पत्रे, जुन्या स्मरणिकांचे मजकूर नव्या कार्यकारिणीला पुन्हा शोधावे लागतात. संस्थेचा ईमेल पत्ता पदाच्या नावे असावा, व्यक्तीच्या नावे नसावा. कार्यभार सोपविताना हिशेबाच्या वह्यांबरोबर तो संकेतशब्दही सोपवावा आणि नव्या पदाधिकाऱ्याने तो त्याच दिवशी बदलावा. सुरतेतील मराठी समाजाचा गेल्या पंचवीस वर्षांतील बराच व्यवहार कागदावर झालेलाच नाही. उद्या कोणी राजवाडे आपल्या दारी आले तर त्यांना माळ्यावर काही सापडणार नाही; जे सापडेल ते या खात्यांतच.

सुरतेचे व्यापारी दिवाळीत चोपडापूजन करतात. जुनी वही बंद होते, बासनात बांधून फळीवर जाते आणि नवी उघडते. आपणही ईमेलसाठी तोच मुहूर्त धरावा. दिवाळीच्या सुट्टीत सरत्या वर्षाची पत्रे कप्प्यात बांधावीत, नक्कल काढावी, ती उघडते की नाही ते पाहावे, आणि लाभपंचमीला दवाखाना उघडेल तेव्हा इनबॉक्स रिकामा असावा.